मेंदूतली गाठ आणि पॅलिएटिव्ह केअर: हे दोन शब्द फाइलवर लवकर का यायला हवेत

काकांच्या फाइलवर डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले, ‘पॅलिएटिव्ह केअर’, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेरच्या बाकावर काकूंनी मला विचारलं, "हे कुठलं औषध रे? खालच्या मेडिकलमध्ये मिळेल का?" मी मोबाइलवर शोधलं. पहिल्याच ओळीत ‘शेवटच्या टप्प्यातील’ असं दिसलं आणि मी मोबाइल खिशात टाकला. "चौकशी करून सांगतो," म्हणालो. ते सांगायला मला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत आमच्या हातून जे निसटलं ते दुसऱ्या कुणाच्या हातून निसटू नये, म्हणून हे लिहितो आहे.

८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. जर्मनीतल्या एका संस्थेने तो २००० साली सुरू केला. त्या दिवशी वर्तमानपत्रांत लक्षणांची माहिती येते, नव्या शस्त्रक्रियांची येते. निदान झाल्यावर घरात नेमकं काय होतं, पेशंटला आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला कशाची गरज पडते, हे मात्र क्वचितच वाचायला मिळतं.

सुरुवातीलाच एक सांगतो. मेंदूतली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या मेनिन्जिओमासारख्या कितीतरी गाठी साध्या असतात आणि शस्त्रक्रियेनंतर माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो. हा लेख मुख्यतः झपाट्याने वाढणाऱ्या गाठींबद्दल आहे. त्यांतली सर्वांत आक्रमक म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर पसरून मेंदूत गेला असेल तरी पुढचं बरंचसं लागू पडतं.

## गोधडी

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ‘पॅलियम’ या लॅटिन शब्दावरून आला. पॅलियम म्हणजे अंगावर ओढायचं वस्त्र. आपल्याकडे त्याला गोधडी म्हणायला हरकत नाही. गोधडी घेतल्याने बाहेरची थंडी संपत नाही, पण माणसाला झोप लागते. आणि गोधडी एकाच कापडाची नसते. जुनं लुगडं, धोतराचा तुकडा, सदऱ्याची बाही असं सगळं एकत्र शिवावं लागतं. इथेही तसंच आहे. वेदना आणि उलट्या थांबवणारा डॉक्टर, जखम बघणारी नर्स, हातपाय हलवून घेणारा फिजिओथेरपिस्ट, मनातलं ऐकून घेणारा समुपदेशक, कागदपत्रांत मदत करणारा समाजसेवक, सगळे मिळून ती शिवतात.

या विचाराचा पाया डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी घातला. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं की दुखणं नुसतं शरीराचं नसतं. पैशाची काळजी, मुलांची काळजी, ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, हे सगळं मिळून एक दुखणं होतं आणि त्यावर एकट्या गोळीचा उपाय चालत नाही. ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव १९७०च्या दशकात मॉन्ट्रियलचे सर्जन डॉ. बाल्फोर माउंट यांनी रूढ केलं. तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांना ‘हॉस्पिस’ म्हटलं की निराधारांचा आश्रम आठवायचा, म्हणून त्यांनी हा वेगळा शब्द शोधला. लोकांना धास्ती वाटू नये म्हणून निवडलेल्या शब्दाचीच आज आपल्याला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते.

## "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले ना?"

नाही. ही काळजी मूळ उपचारांच्या बरोबरीने चालते. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन चालू आहे, टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्याच वेळी पॅलिएटिव्हचे डॉक्टर उलट्या, थकवा, झोप, घरच्यांची घालमेल याकडे बघत आहेत, असं चित्र असायला हवं. युरोपातल्या मेंदू-कॅन्सर तज्ज्ञांच्या संघटनेने ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो, त्या प्रकारच्या गाठींच्या) रुग्णांसाठी २०१७ साली पॅलिएटिव्ह केअरची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली, इतका हा विषय तिथे नेहमीच्या उपचारांचा भाग मानला जातो.

बॉस्टनमधला २०१०चा एक अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी काहींना निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर जोडून दिली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. पहिल्या गटाचं मन आणि रोजचं जगणं अधिक बरं राहिलं, शेवटच्या काळात त्यांच्यावर जाचक उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले. मध्यक (निम्मे रुग्ण ज्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे) काढला तर ११.६ महिने, दुसऱ्या गटाचा ८.९. हा अभ्यास फुप्फुसाच्या कॅन्सरचा आहे. तेवढ्यावरून मेंदूच्या गाठीतही आयुष्य वाढेल असं मी म्हणणार नाही. पण ‘पॅलिएटिव्हकडे गेलं की माणूस लवकर जातो’ ही भीती निराधार आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

## मेंदूच्या गाठीचं वेगळेपण

घरातला मीटर-बोर्ड डोळ्यांसमोर आणा. कुठला फ्यूज उडाला त्यावर कुठली खोली अंधारात जाणार ते ठरतं. मेंदूचं तसंच आहे. बहुतेकांमध्ये डाव्या बाजूला बोलण्याची केंद्रं असतात. तिथे गाठ असेल तर माणसाला पाणी हवं असतं आणि तोंडातून ‘खुर्ची’ येतं. मागच्या बाजूला असेल तर दिसण्यात गडबड होते. कपाळामागच्या भागात असेल तर हातपाय धड, बोलणं धड, पण माणूस मात्र बदलतो.

काकांची गाठ उजव्या बाजूला, कपाळामागे होती. आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेला, पैशापैशाचा हिशेब ठेवणारा हा माणूस. निदानाच्या दोन महिने आधीपासून ते दिवसदिवस खुर्चीत बसून राहायचे. आंघोळ नाही, पेपर नाही. आम्ही म्हणायचो, रिटायर झाल्यावर आळशी झालेत. मग एका संध्याकाळी मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी आवाज चढवल्याचं काकूंना आठवत नव्हतं. त्या रात्री त्याही त्यांच्यावर ओरडल्या.

ती निरुत्साही अवस्था आणि तो भडका, दोन्ही आजाराची लक्षणं होती. आपण मात्र त्यांना स्वभाव समजतो आणि माणसाशी भांडत बसतो.

दुसऱ्या कॅन्सरमध्ये शरीर खंगतं, पण बहुतेक वेळा माणूस शेवटपर्यंत ‘तोच’ राहतो. तो निर्णय घेतो, निरोप घेतो, कुणाला काय द्यायचं ते सांगतो. मेंदूच्या गाठीत शरीराच्या आधी माणूस निघून जाऊ शकतो. घरच्यांना दोनदा गमवावं लागतं, आणि पहिल्या वेळी तर कुणी भेटायलाही येत नाही. माझ्या मते या आजारात पॅलिएटिव्ह केअर लवकर लागते त्याचं मुख्य कारण हेच. ज्याच्याशी बोलायचं, तो बोलण्यासारखा असतानाच बोलावं लागतं.

ग्लायोब्लास्टोमामध्ये तो काळ किती, याचा अंदाज येण्यासाठी एक आकडा देतो. रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड देण्याची पद्धत ज्या अभ्यासाने जगभर रूढ झाली, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसतं रेडिएशन घेतलेल्यांच्या आयुष्याचा मध्यक १२.१ महिने होता, दोन्ही घेतलेल्यांच्या आयुष्याचा १४.६. म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. दोन वर्षांनंतर दोन्ही उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के हयात होते, फक्त रेडिएशनवाल्यांपैकी १० टक्के. आपला माणूस कुठल्या बाजूला असेल ते कुणीच सांगू शकत नाही. पण वेळ मोजका आहे हे कळायला एवढं पुरेसं आहे.

## स्टेरॉइड: पहिल्या आठवड्यात चमत्कार, मग?

बोट सुजलं की अंगठी रुतते. अंगठी सैल होत नाही, मग सूज बोटालाच आवळते. कवटी ही मेंदूची अंगठी आहे. गाठीभोवती सूज येते, जागा वाढत नाही, आणि आतला दाब चढतो. सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकणं, उलटी, गुंगी हे त्यातूनच येतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतात त्याची आवरणं आणि रक्तवाहिन्या.

या सुजेवर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. दोनतीन दिवसांत डोकेदुखी कमी होते, लुळा पडलेला हात थोडा उचलतो, माणूस गप्पा मारू लागतो. घरच्यांना वाटतं, गाठ विरघळली. प्रत्यक्षात सूज उतरलेली असते.

काकांना रात्री दोन वाजता जाग यायची आणि ते पिठलं-भाकरी मागायचे. काकू उठून करून द्यायच्या. चेहरा गोल झाला तेव्हा शेजारचे म्हणाले, "अंगावर बाळसं धरलंय की, चांगलं लक्षण आहे." ती भूक, ते जागरण, तो गोल चेहरा, सगळं डेक्सामेथासोनचं होतं. त्याने साखर वाढते, पित्त होतं, तोंडात पांढरी बुरशी येते, चिडचिड वाढते. आणि मांड्यांचे स्नायू इतके कमजोर होतात की खुर्चीतून, संडासावरून उठता येत नाही. हे शेवटचं लक्षण घरचे हमखास ‘गाठ वाढली’ म्हणून वाचतात.

पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांनी पुढे दोनच गोष्टी केल्या. गोळीची वेळ सकाळची केली, त्यामुळे झोप थोडी सुधारली. आणि डोस कमीत कमी किती ठेवता येईल ते दर पंधरा दिवसांनी बघितलं. आणखी एक नियम त्यांनी बजावून सांगितला, तो इथे देतो: हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. एखाद्या नातेवाइकाने ‘स्टेरॉइड वाईट असतं’ असं सांगितलं म्हणून गोळ्या थांबवलेली घरं मला माहीत आहेत.

## आकडी आली तर

कांदा हुंगवू नका. चप्पल नाकाशी धरू नका. दातखीळ उघडायला चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, शर्टाचं वरचं बटण सोडा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर आकडी चालली, किंवा एकामागून एक येत राहिली, तर तातडीने मदत लागते. घरात ठेवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. तो कधी आणि किती वापरायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं.

आकडीसाठी नेहमी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम काही जणांना चिडखोर करतं. तेव्हा माणूस अचानक तापट झाला तर गाठ, स्टेरॉइड आणि ही गोळी असे तीन संशयित असतात. डॉक्टरांना ते सांगावं, कारण गोळी बदलता येते.

मोटारसायकलची किल्ली हा वेगळाच अध्याय आहे. आकडी येणाऱ्या माणसाने गाडी चालवायची नाही, हे त्याला पटत नाही, आणि नाही म्हणण्याचं काम बायकोवर येतं. ते डॉक्टरांच्या तोंडून आलं तर घरातलं एक भांडण टळतं.

## "पेशंटला काही सांगू नका, खचून जाईल"

हा आक्षेप मी मनापासून समजू शकतो, कारण मी स्वतः तेच केलं. फाइल लपवली. काकांसमोर ‘मेंदूला थोडी सूज आहे’ असं सांगितलं. काकूंनाही पूर्ण सांगितलं नाही. प्रेमापोटीच केलं.

पण बहुतेक पेशंटना कळत असतं. रेडिएशनच्या रांगेत बसलेल्या माणसाला आजूबाजूची माणसं दिसतात. तो बोलत नाही, कारण घरचे खचतील. घरचे बोलत नाहीत, कारण तो खचेल. एकाच घरात सगळे एकटे.

सांगायचं म्हणजे ‘तुमचे इतके महिने राहिले’ असं तोंडावर आदळायचं नाही. पॅलिएटिव्हची माणसं यात तयार झालेली असतात. ती आधी विचारतात, "तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे? आणखी किती जाणून घ्यायचंय? का मी सगळं तुमच्या मुलाशी बोलू?" काही जण म्हणतात, मुलाशीच बोला. तोही त्यांचा हक्क. काकांना हा प्रश्न विचारेपर्यंत पाच महिने गेले होते. त्यांनी बराच वेळ नर्सकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिला पासबुकं दाखवायची राहिली." कुठली, ते त्यांना सांगता आलं नाही. दोन पासबुकं आम्हाला वर्षभराने सापडली, पंचांगांच्या गठ्ठ्यात.

## कागदपत्रं: हे रुक्ष वाटेल, पण वाचा

अनेकांना वाटतं, मुखत्यारपत्र करून घेतलं की झालं. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची सारासार विचार करण्याची शक्ती गेली की कायद्याने संपतं. १८७२च्या करार कायद्यात तसं कलम आहे. म्हणजे ज्या वेळी त्याची खरी गरज, नेमकं त्याच वेळी ते निरुपयोगी. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतल्या व्यक्तींसाठी पत्नीला किंवा मुलांना असं पालकत्व दिलेलं आहे, पण वकील, तारखा, वैद्यकीय मंडळाचे अहवाल हे सगळं आजारपणात करायचं. मृत्युपत्रालाही मन शाबूत असावं लागतं. म्हणून बँक खातं दोघांच्या नावावर करणं, नॉमिनी तपासणं, मोबाइलचा पासवर्ड लिहून ठेवणं ही कामं पहिल्या महिन्यातली. सही बदलते. काकांची सही जानेवारीत चालली, मार्चमध्ये बँकेने परत पाठवली.

दुसरा कागद म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात. ‘बरं होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलता येत नसेल तेव्हा व्हेंटिलेटरसारख्या यंत्रांवर मला ठेवायचं की नाही’ हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवतो. या चर्चेची सुरुवात मुंबईतच झाली. अनेक दशकं अचेत अवस्थेत पडून असलेल्या, केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला. मग ९ मार्च २०१८च्या निकालाने अशा इच्छापत्राला मान्यता मिळाली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं त्यात लिहायची. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं.

‘हे म्हणजे मरण मागणं झालं,’ असं काकूंचे बंधू म्हणाले. तसं नाही. यात कुणी इंजेक्शन देऊन जीव घेत नाही. जगवण्याची यंत्रं कुठे थांबवायची एवढंच ठरतं, आणि तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावर. याचा मोठा फायदा मुलांना होतो. ‘बाबांना व्हेंटिलेटर लावा’ किंवा ‘लावू नका’ हे रात्री तीन वाजता आयसीयूच्या दारात सांगण्याचं ओझं त्यांच्या एकट्यावर येत नाही.

## दुसरा पेशंट

उशाशी बसणाऱ्या माणसाचा केसपेपर कुणी काढत नाही. काकूंचं वजन त्या वर्षात नऊ किलोंनी कमी झालं. बीपीच्या गोळ्या त्या विसरायच्या. काकांना पलंगावरून उठवताना कंबर धरली ती धरलीच.

यातलं बरंचसं शिकवून टळतं. माणसाला वर न उचलता चादरीवरून सरकवायचं कसं, दर दोन तासांनी कूस बदलायची ती कुठे उशी लावून, पाठ लाल दिसली तर काय करायचं, डायपर एकट्या बाईने कसा बदलायचा. घरी आलेल्या नर्सने दीड तासात हे काकूंना करून दाखवलं आणि त्यांच्याकडून करून घेतलं. आदल्या पाच महिन्यांत कुणीच ते दाखवलं नव्हतं. पहिल्या महिन्यात कळलं असतं तर एअर बेड पाठीला जखम होण्याआधी आला असता.

ब्यूरोतून माणूस ठेवायचा म्हटलं तर महिन्याचा खर्च अनेकांच्या पगाराएवढा होतो. म्हणून नातेवाइकांना माझी विनंती आहे की डझनभर केळी घेऊन अर्धा तास बसण्याऐवजी आठवड्यातली एक रात्र मागून घ्या. काकूंना सलग सहा तास झोप मिळाली तो दिवस त्यांनी मला तारखेनिशी सांगितला होता.

आणि राग. चिडलेली, थकलेली बायको मनातल्या मनात ‘आता सुटावेत बिचारे’ म्हणते आणि लगेच तिला स्वतःची शरम वाटते. हे जवळजवळ प्रत्येक काळजी घेणाऱ्याच्या मनात येतं. ते कुणाजवळ तरी बोलता यायला हवं. जवळचं कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

## "मॉर्फिन देतील आणि गुंगीत ठेवतील"

मेंदूच्या गाठीत बहुतेक डोकेदुखी स्टेरॉइड आणि साध्या वेदनाशामकांवर आटोक्यात राहते, त्यामुळे मॉर्फिनची वेळ दरवेळी येतेच असं नाही. लागलं तर योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे. वेदनेसाठी मोजून दिलेलं औषध आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशात अफूची परवानाधारक शेती होते, आणि तरी १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. २०१४च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. धाक मात्र अजून पुरता गेलेला नाही.

## शेवटचे आठवडे घरी

"घरी न्यायचं म्हणजे उपचार सोडायचे," असं मानलं जातं, कारण आपल्याकडे पद्धतच तशी आहे. ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही करायची आणि हातात काहीही न घेता रुग्णवाहिकेत बसायचं. पॅलिएटिव्ह केअरमध्ये घरी येताना बरोबर औषधांची पिशवी असते, कशासाठी काय द्यायचं त्याचा मराठीत लिहिलेला कागद असतो आणि रात्री फोन उचलणारं माणूस असतं.

आक्रमक ग्लायोमाच्या शेवटच्या आठवड्यांत बहुधा झोप वाढत जाते. गिळणं अवघड होतं, आकडी येऊ शकते. गोळी गिळता येत नसेल तेव्हा आकडीचं औषध नाकातून किंवा त्वचेखालच्या बारीक सुईने देता येतं. हे आधी ठरलेलं नसेल तर घरात एकच धावपळ उडते. श्वासाची घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते. गुंगीतल्या माणसाला तिचा तितका त्रास होत नसतो. कूस बदलली की ती बरेचदा कमी होते.

सगळ्यांत जास्त भांडणं जेवणावरून होतात. ‘जेवत नाहीत म्हणून खंगत चाललेत’ असं आपण म्हणतो. खरं तर शरीर मिटत चाललंय म्हणून भूक राहिलेली नसते. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात पेज घातली तर ती श्वासनलिकेत जाते, ठसका लागतो आणि न्यूमोनिया होतो. नाकातल्या नळीबद्दल किंवा सलाइनबद्दल डॉक्टरांशी बोलावं. काही वेळा त्यांचा उपयोग असतो, पण अगदी शेवटी बहुधा नसतो. काकू ऐकेनात. "उपाशी कसं ठेवू?" मग नर्सने त्यांना ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसायला शिकवलं, दर तासाला. आपण अखेरच्या क्षणी तुळशीपत्राने गंगेचं पाणी तोंडात सोडतो ना, तीच क्रिया, फक्त रोजची. काकूंना ते लगेच पटलं.

## कुठे मिळते ही मदत?

पुरेशी नाही, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यातल्या १४ टक्क्यांनाच ती मिळते. केरळने वेगळी वाट काढली. १९९३ मध्ये कोळिकोडला सुरू झालेल्या छोट्या कामातून शेजारीपाजारी, शिक्षक, विद्यार्थी असे स्वयंसेवक तयार झाले, आणि २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरणच केलं.

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. ते देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याची शाखा गोव्यात लोटलीला आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देतं, आणि तिथे घरच्या माणसालाही काळजी घेण्याचं शिक्षण मिळतं. टाटा मेमोरियलमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पॅलिएटिव्ह केअरच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही पॅलिएटिव्ह कक्ष असणं अपेक्षित आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्यात जाऊन ‘पॅलिएटिव्हचा कक्ष कुठे आहे’ असं नाव घेऊन विचारा. आणि डॉक्टरांनी लिहिण्याची वाट बघू नका. रेडिएशन सुरू होतानाच आपण होऊन विचारा, "पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना आत्ताच एकदा भेटू का?"

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी ती नर्स पुन्हा घरी आली. औषधं परत न्यायला आली असेल असं मला वाटलं. ती काकूंसाठी आली होती. गेलेल्याच्या घरी जाणं हा त्यांच्या कामाचाच भाग असतो, हे मला तेव्हा कळलं. काकूंनी तिला चहा दिला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग ते ताटाचं सांगितलं. "त्या रात्री मी फार बोलले हो त्यांना. आजारी माणसाला."

नर्सने केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डोक्याचं चित्र काढलं. कपाळामागे उजवीकडे एक गोल रंगवला. राग आवरणारा भाग इथे असतो, गाठ इथे होती, असं बाण काढून समजावलं. काकूंनी दोनदा विचारून घेतलं, "म्हणजे ते इथून आलं?"

तो कागद काकूंनी घडी घालून ठेवला आहे, त्या सापडलेल्या पासबुकांमध्ये.